कुलूप शिकवले, किल्ली राहिली

संगणकाची प्राथमिक ओळख करून देणाऱ्या बहुतेक पुस्तकांत परवलीच्या शब्दावर, म्हणजे पासवर्डवर, एखादा परिच्छेद असतो. शब्द निदान आठ अक्षरांचा असावा; त्यात मोठे अक्षर, अंक आणि चिन्ह यांची भेसळ असावी; तो दर तीन महिन्यांनी बदलावा; कोणाला सांगू नये; आणि कोठेही लिहून ठेवू नये. मुले हा परिच्छेद पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पुरेपूर गुण मिळवतात. आमचा आक्षेप असा की या पाच सूचनांपैकी दोन चुकीच्या ठरल्या आहेत, एक शाळेला लागूच पडत नाही, आणि शाळेत जो प्रश्न खरोखर उभा राहतो, शब्द विसरला तर काय करायचे, त्याबद्दल या परिच्छेदात अवाक्षर नसते.

प्रश्न कसा उभा राहतो ते पाहू. समजा, लासूर स्टेशनची एखादी शाळा आहे. मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे येणाऱ्या रेल्वेमार्गावर रोटेगाव मागे पडले की पोटूळ-दौलताबादच्या आधी लागणारे, गंगापूर तालुक्यातले हे बाजारपेठेचे गाव. कांदा-कापसाच्या गाड्या बाजार समितीकडे वळतात त्याच रस्त्याने आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची मुले शाळेत येतात. त्यांतल्या अनेकांच्या घरी मोबाइल असतो, संगणक नसतो. संगणक पाहणारे शिक्षक मे महिन्यात बदलून गेले. जूनच्या मध्याला शाळा उघडली, यंत्र सुरू केले, आणि पडद्यावर एक रिकामी चौकट आली. आत तीन वर्षांचे निकाल, शिष्यवृत्तीच्या मुलांच्या याद्या, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, दहावीच्या प्रकल्पांचे काम. गेलेल्या गुरुजींना दूरध्वनी केला तर ते प्रामाणिकपणे म्हणतात, "अहो, बोटांना सवय होती, आता आठवत नाही." यंत्र दुकानात नेले की दुकानदार एकच वाक्य ऐकवतो: "फॉरमॅट मारून देतो, तासाभरात न्या."

या वाक्याला बहुतेक ठिकाणी मान तुकवली जाते, आणि ती तुकवू नये असे आम्हांस वाटते. फॉरमॅट मारणे म्हणजे कुलपाची किल्ली हरवली म्हणून कपाट रिकामे करून नव्याने रंगवणे. कपाट चालू होते यात शंका नाही. पण शाळेला कपाट नको असते, आतले कागद हवे असतात. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला यंत्र चालू करण्याचे पैसे मिळतात, निकालपत्रके वाचवण्याचे नव्हे. "आत काय आहे आणि त्याची दुसरी प्रत आहे का?" हा प्रश्न आपण विचारायचा असतो, आणि तो विचारायला आत घडते काय हे थोडे माहीत हवे.

आपण शब्द टंकित करतो तेव्हा संगणक तो आपल्याजवळच्या यादीतल्या शब्दाशी ताडून पाहतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. चांगल्या रचनेत संगणकाजवळ मूळ शब्द नसतोच. त्याच्याजवळ असते त्या शब्दावर एक ठरावीक आकडेमोड करून आलेले उत्तर. वर्गात हे दाखवणे अगदी सोपे आहे. एका विद्यार्थ्याला १ ते १०० मधली एक संख्या मनात धरायला सांगा, तिचा वर्ग करून १०१ ने भागायला सांगा, आणि फक्त बाकी फळ्यावर लिहायला सांगा. त्याने ४७ धरले असेल तर वर्ग २२०९ आणि बाकी ८८. आता बाकीच्या वर्गाने ८८ वरून ४७ शोधून दाखवावे! पुढे जाणे एका मिनिटाचे काम आहे. मागे येण्यासाठी मुले एकेक संख्या तपासू लागतील. (काही जण ५४ घेऊन येतील. २९१६ भागिले १०१, बाकी पुन्हा ८८. तेव्हा ५४ म्हणणाऱ्यालाही आत सोडावे लागेल.) गणितज्ञांना या खेळातून मागे येण्याची युक्ती ठाऊक आहे, म्हणून खऱ्या संगणकात याहून कितीतरी गुंतागुंतीची आकडेमोड वापरतात. तत्त्व मात्र हेच. विंडोजमध्ये ही उत्तरे सॅम नावाच्या फाइलमध्ये असतात, लिनक्समध्ये शॅडो नावाच्या.

यातून एक गोष्ट सरळ निघते. विसरलेला शब्द संगणक आपल्याला सांगूच शकत नाही. तो त्यालाही माहीत नाही. करता येते ते दुसरेच. एक तर सर्व शक्य शब्द एकामागून एक तपासायचे, किंवा जुने उत्तर पुसून त्या जागी नव्या शब्दाचे उत्तर ठेवायचे, नाहीतर या चौकटीला वळसा घालून दुसऱ्या वाटेने आत जायचे. "पासवर्ड काढून देतो" म्हणणारा यांपैकी नेमके काय करणार आहे हे त्याला विचारावे.

ही व्यवस्था एकाएकी आली नाही. १९६१ साली अमेरिकेतील एमआयटीत फर्नांडो कोर्बाटो यांच्या चमूने एकाच संगणकावर अनेकांनी एका वेळी काम करण्याची पद्धत उभारली, आणि प्रत्येकाचे काम वेगळे राहावे म्हणून परवलीचे शब्द आणले. ते सगळे एका फाइलमध्ये, जसेच्या तसे लिहिलेले होते. १९६२ साली अॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला ठरवून दिलेला संगणकाचा वेळ पुरेना, तेव्हा त्याने ती फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम केले! १९६६ मध्ये तर एका गफलतीने, दिवसाच्या सूचनेऐवजी संपूर्ण शब्दांची यादी प्रत्येकाच्या समोर छापून येऊ लागली. मूळ शब्द साठवूच नये हा धडा यातून मिळाला. केंब्रिजला रॉजर नीडहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच दशकात एकेरी आकडेमोडीची कल्पना वापरली, आणि पुढे युनिक्सने ती सर्वत्र नेली.

आपल्याकडे शाळेत संगणक आला तो मात्र कुलपाशिवाय. १९८४ साली सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पातले बीबीसी मायक्रो यंत्र बटण दाबताच बेसिक भाषेत आज्ञा घ्यायला तयार असे. पुढे विंडोज ९५ आणि ९८ आले. त्यांत शब्द विचारणारी चौकट होती, पण 'एस्केप'ची कळ दाबली की ती निमूटपणे बाजूला होई. त्या काळी शिकलेल्या अनेकांच्या मनात "काहीतरी युक्ती असणारच" हा समज अजून घट्ट आहे. तो आज कधी खरा ठरतो, कधी घातक.

तर मग लासूरच्या त्या यंत्रापाशी काय करावे? पहिली तपासणी हास्यास्पद वाटेल इतकी साधी आहे, पण ती करावीच. 'कॅप्स लॉक' चालू नाही ना? कळफलकाची भाषा कोणती आहे? ज्या यंत्रावर मराठी टंकन होते तेथे भाषा मराठीवर राहिली असेल, तर आपण दाबतो ती कळ आणि संगणकाला मिळते ते अक्षर यांचा काही संबंध राहत नाही, आणि चौकटीत दिसतात फक्त ठिपके. पडद्याच्या कोपऱ्यात भाषेची खूण असते, ती पाहावी. काही लॅपटॉपवर 'नम लॉक' चालू राहिला की जे, के, एल यांच्या जागी अंक उमटतात. शब्द बरोबर आठवूनही दार उघडत नाही याचे कारण पुष्कळदा इतकेच असते.

त्यानंतर त्याच यंत्रावर व्यवस्थापकाचे अधिकार असलेले दुसरे खाते आहे का ते पाहावे. असेल तर त्यातून नवा शब्द देता येतो. मात्र एखादी फाइल विंडोजच्याच सोयीने त्या खात्यापुरती सांकेतिक करून ठेवली असेल, तर शब्द असा बाहेरून बदलल्यावर ती वाचता येत नाही. म्हणून आधी विचार करावा. खाते मायक्रोसॉफ्टच्या नावनोंदणीशी जोडलेले असेल तर दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून शब्द बदलता येतो, पण त्यासाठी नोंदवलेला दूरध्वनी किंवा ई-मेल हाताशी हवा. तो बदलून गेलेल्या गुरुजींचा असेल तर पुन्हा त्यांनाच गाठणे आले.

विंडोज १० मध्ये २०१८ पासून आणखी एक सोय आली: खाते उघडताना तीन प्रश्नांची उत्तरे देऊन ठेवायची, आणि शब्द विसरला की तीच पुन्हा द्यायची. या सोयीवर आमचा राग आहे. प्रश्न असे: तुमचा जन्म कोणत्या शहरात झाला? लहानपणीचे टोपणनाव काय? पहिली शाळा कोणती? सर्वांत मोठ्या चुलत भावंडाचे नाव काय? आता लासूरसारख्या गावात गुरुजींचे टोपणनाव आणि मोठ्या चुलतभावाचे नाव ठाऊक नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही! आणि खुद्द अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे एनआयएसटीने, आदल्याच वर्षी, २०१७ साली, पाळीव प्राण्याच्या नावासारखी माहिती गुपित म्हणून विचारू नये असे लिहून ठेवले होते.

यातले काहीच जमले नाही तरी फाइली बहुधा वाचवता येतात, आणि हीच गोष्ट दुकानात सांगितली जात नाही. दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा, आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मावणारा, थेट चालणारा संच तयार करावा. अडलेले यंत्र बंद करून पुन्हा सुरू करताना त्याच्या बनावटीप्रमाणे एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबले की कोठून सुरू व्हायचे ते विचारणारी यादी येते. तीत पेन ड्राइव्ह निवडावा. लिनक्स डिस्कला हात न लावता सुरू होते. मग शाळेची डिस्क एखाद्या कपाटासारखी उघडते, आणि निकाल, याद्या, छायाचित्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेता येतात. डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली असा संदेश आला तर घाबरू नये. विंडोज अर्धवट झोपलेले असले की असे होते, आणि आपल्याला वाचायचेच असते. एकदा प्रती झाल्या, तपासल्या, की मग खुशाल फॉरमॅट मारावा.

शब्द न देता सगळे वाचता आले, याचे विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटते. वाटायलाच हवे. परवलीचा शब्द विंडोजच्या दारावरच्या पहारेकऱ्याला माहीत असतो. आपण विंडोज जागेच केले नाही, तर पहारेकरीही झोपलेला. रायगडाचे दरवाजे सूर्यास्तानंतर बंद झाले आणि हिरकणी कडा उतरून घरी बाळाकडे गेली, ही आख्यायिका प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. दरवाजावरचा नियम चोख होता, कड्याचा कोणी विचार केला नव्हता. त्या आख्यायिकेचा पुढचा भाग आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो: महाराजांनी तिला शिक्षा केली नाही, तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला.

संगणकाच्या कड्यावरही आता बुरूज बांधला गेला आहे. डिस्कवरची सारी माहितीच सांकेतिक करून ठेवण्याची सोय, विंडोजमध्ये बिटलॉकर या नावाने ओळखली जाणारी, पूर्वी मुद्दाम चालू करावी लागे. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीपासून, नवे यंत्र मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केले की ती बहुतेक यंत्रांवर आपोआप चालू होते. चोरीला गेलेल्या लॅपटॉपच्या दृष्टीने हे उत्तमच. पण अशा यंत्राला लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावला तर अर्थहीन अंकांचा ढिगारा दिसतो, आणि ४८ अंकी किल्ली जवळ नसेल तर जगातला कोणताही तंत्रज्ञ तो ढिगारा वाचून देऊ शकत नाही. ही किल्ली ज्याच्या खात्याने यंत्र प्रथम सुरू झाले त्याच्या खात्यात जमा असते. शाळेत ते खाते कोणाचे? पुष्कळदा यंत्र बसवायला आलेल्या मुलाचे, नाहीतर त्या दिवशी हजर असलेल्या शिक्षकांचे. सोय करणाऱ्यांनी एक माणूस, एक यंत्र असे गृहीत धरले. एका यंत्रावर पन्नास मुले आणि दर काही वर्षांनी बदलणारे गुरुजी हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हते. हा दोष रचनेचा आहे, वापरणाऱ्याच्या विसराळूपणाचा नव्हे.

येथे एक सावधगिरी. आपल्या शाळेचे यंत्र मुख्याध्यापकांच्या परवानगीने उघडणे वेगळे, आणि दुसऱ्याचे यंत्र त्याच्या संमतीशिवाय उघडणे वेगळे. दुसरी गोष्ट २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकते. मुलांना प्रयोग करू द्यावा तो भंगारात निघालेल्या जुन्या यंत्रावर. करू द्यावा मात्र जरूर.

आता त्या पाठ केलेल्या परिच्छेदाकडे वळू. माणसे शब्द कसे निवडतात याची पाहणी रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केली. त्यांनी जमवलेल्या ३,२८९ शब्दांपैकी १५ एकाच अक्षराचे होते, ७२ दोन अक्षरांचे, ४६४ तीन अक्षरांचे. आणखी ४९२ शब्दकोशात किंवा नावांच्या यादीत सापडले. सगळे मिळून २,८३१, म्हणजे शेकडा ८६, सहज शोधता येण्याजोगे निघाले. तेव्हा नियमांची गरज खरी होती. २००३ साली एनआयएसटीच्या बिल बर यांनी ते नियम लिहिले: भेसळ करा, बदलत राहा. जगभरच्या कार्यालयांनी आणि पुस्तकांनी ते उचलले. परिणाम सर्वांनी पाहिला आहे. भेसळ करा म्हटले की माणूस पहिले अक्षर मोठे करतो आणि शेवटी '@१२३' जोडतो. तीन महिन्यांनी बदला म्हटले की '@१२४' होते. शोधणाऱ्यालाही हे ठाऊक असते. २०१७ साली बर यांनी स्वतःच या सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला. त्याच वर्षी संस्थेने भेसळीची आणि ठरावीक काळाने बदलण्याची सक्ती करू नये असे सांगितले, आणि २०२५ च्या आवृत्तीत ती सक्ती करण्यास स्पष्ट मनाईच केली. शब्दाची लांबी महत्त्वाची, हा आजचा निष्कर्ष आहे. आमच्या पुस्तकांतला परिच्छेद मात्र २००३ मध्येच थांबला आहे.

लांबीचे महत्त्व मुलांना गुणाकारानेच पटते. आठ लहान इंग्रजी अक्षरांचे शब्द २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८३ कोटी. संख्या मोठी वाटते, पण आजच्या यंत्रांना ती मोठी नाही. त्याऐवजी दोन हजार साध्या मराठी शब्दांची यादी करावी आणि त्यांतून चिठ्ठ्या टाकून चार शब्द उचलावेत. 'कोयता पाऊस चष्मा बैल' असे काहीतरी निघेल. अशा चौकड्या २००० चा चौथा घात, म्हणजे १६ लाख कोटी. पहिल्या संख्येच्या सुमारे ७६ पट. आणि बैलाला चष्मा लावलेला कोण विसरेल? अट एकच, चिठ्ठ्या खरोखर टाकायच्या. मनाने निवडले की सगळ्या वर्गाचे शब्द 'आई बाबा शाळा मित्र' याभोवतीच फिरतात.

उरली "कोठेही लिहून ठेवू नये" ही सूचना. ज्या कार्यालयात संगणक सांभाळायला पगारी माणूस आहे, तेथे ती ठीक. शब्द विसरला तर तो नवा देतो. शाळेच्या वेगवेगळ्या संकेतस्थळांचेही तसेच; शब्द विसरला तर वरच्या कार्यालयातून नवा मिळवता येतो. पण संगणक कक्षातल्या यंत्राला वरचे कार्यालय नाही. २००४ साली सुरू झालेल्या केंद्राच्या आयसीटी योजनेत आपल्या राज्यात कक्ष बाहेरच्या संस्थेने उभारायचा, पाच वर्षे चालवायचा आणि मग शाळेच्या हवाली करायचा, अशी पद्धत ठेवली गेली. हवाली करायच्या वस्तूंत टेबले, खुर्च्या, यंत्रे येतात. शब्द वस्तू नसल्यामुळे येत नाही. बदलीच्या वेळी चार्ज देतानाही हेच होते: डेडस्टॉक रजिस्टरमध्ये संगणकाची नोंद क्रमांकासह असते, त्याच्या किल्लीची नोंद कोठेच नसते. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कोणी अशी सोबत घेऊन गेले असते तर केवढा गहजब झाला असता!

गुपित लिहून, तरीही गुपितच ठेवायचे कसे, हे शाळेइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकांची सीलबंद पाकिटे सांभाळण्याची शिस्त आपल्या अंगवळणी आहे. व्यवस्थापकाच्या खात्याचा शब्द आणि बिटलॉकरची किल्ली कागदावर लिहून, पाकीट मोहोरबंद करून, त्यावर दोघांच्या सह्या आणि तारीख घालून ते मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावे. मुलांसाठी मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते द्यावे, म्हणजे रोजच्या वापरासाठी हे पाकीट फोडावे लागत नाही. चार्ज यादीत पाकिटाची एक ओळ घालावी, आणि नव्या माणसाने ते जुन्या माणसासमोर उघडून, यंत्र सुरू करून पाहून, मगच सही करावी. फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवी हे अर्थातच. पाकिटाने डिस्क बिघडायची थांबत नाही.

४८ अंक हाताने उतरवताना चूक होईल, ही शंका रास्त आहे. तीवर उपाय किल्लीतच आहे, आणि तो गणिताच्या शिक्षकांना आवडेल. किल्ली सहा अंकांच्या आठ गटांत लिहिलेली असते, आणि प्रत्येक गट ११ ने विभाज्य असतो. तेव्हा उतरवून झाल्यावर प्रत्येक गटाला ११ ची कसोटी लावावी: एकाआड एक अंकांच्या दोन बेरजांतला फरक शून्य किंवा ११ ची पट यायला हवा. उदाहरणार्थ १३५७९५ हा गट घ्या. १, ५, ९ यांची बेरीज १५; ३, ७, ५ यांचीही १५. एखादा अंक चुकीचा लिहिला तर फरक बिघडतो आणि चूक उघडी पडते. शेजारचे दोन वेगळे अंक उलटसुलट झाले तरी ती पकडली जाते, कारण फरकात त्या दोन अंकांच्या वजाबाकीची दुप्पट मिसळते, आणि १ ते ९ मधल्या कोणत्याही संख्येची दुप्पट ११ ने विभाज्य नसते. पण पहिला आणि तिसरा अंक अदलाबदल होऊन ५३१७९५ असे लिहिले गेले, तर ही कसोटी चूक मुळीच पकडत नाही. असे का होते, आणि आणखी कोणत्या चुका निसटतात, हे सातवी-आठवीच्या मुलांना फळ्यावर शोधू द्यावे. किल्ली मात्र एका शिक्षकाने मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने बोट ठेवून तपासावी.